सायकल थांबणार नाही

आमच्या घरी चार पैलवान जेवायला असतात, असं मी लहानपणी मैत्रिणींना सांगायची. ते पैलवान नव्हते, शर्यतीचे सायकलवाले होते. पण खाणं पैलवानांचंच होतं आणि मांड्याही तशाच. नारायणशेटांचं सायकलचं दुकान हिंगोलीच्या बाजारात रस्त्याकडं तोंड करून होतं. दुकानामागं अंगण आणि अंगणाच्या कडेला दोन खोल्या. त्यात माय, माझा मोठा भाऊ दत्तू आणि मी राहायचो. बाप जिनिंगमध्ये कामाला होता. तो तापानं गेला तेव्हा मी भिंत धरून चालत होते. पुढं शेटांनी मायला या खोल्या दिल्या, त्या शर्यतीवाल्यांचं रांधायच्या बोलीवर. भाडं नाही, धान्य शेटांचं, हात मायचे. दत्तूदादा तेव्हा दुकानात पंक्चर काढायचा. मिसरूड फुटायच्या आत तोही त्या चौघांतला एक झाला आणि माय आपल्याच पोराला शेटांच्या धान्यातून वाढायला लागली.

घरात सकाळी पहिला आवाज पंपाचा यायचा. मग फ्रीव्हीलची कटकट, मग अंगणात पायांना जवसाचं तेल चोळणाऱ्यांचे हुंकार. त्या तेलाचा, रबराच्या सोल्यूशनचा आणि चुलीवरच्या भाकरीचा मिळून एक वास असायचा. आजही कुठं पंक्चरच्या दुकानावरून गेले की मला भूक लागते. भाकऱ्या मोजून होत नसत, टोपलं भरेपर्यंत होत. तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल. शर्यत जवळ आली की खारका दुधात शिजायच्या. अंडी मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उकडायची, युसूफचाचांच्या शेगडीवर. युसूफचाचा दुकानाचे मिस्त्री. खोक्यातून सुटे भाग येत, ते जोडून सायकल उभी करायचं काम त्यांचं. नवी सायकल तयार झाली की ते मला तिच्यावर बसवून अंगणात फिरवायचे, आणि दत्तूदादा मागून सीट धरायचा. एक दिवस त्यानं सीट सोडली आणि मला कळलंच नाही. मायनं चुलीजवळून पाहिलं. म्हणाली, "अंगणात चालव. फाटकाच्या बाहेर न्हाई." तेव्हापासून रोज सकाळी शर्यतीवाले रस्त्यावर गेले की मी अंगणात गोल गोल फिरायची.

शर्यती कशासाठी असतात हे मला फार लवकर कळलं. दसऱ्याला सगळा मुलूख हिंगोलीत लोटायचा. दुसऱ्या दिवशी शर्यत सुटायची, हिंगोलीहून औंढ्यापर्यंत आणि परत. नांदेडचे, परभणीचे दुकानदारही आपापली पोरं पाठवायचे. जो पहिला यायचा त्याची सायकल हळदीकुंकू लावून दुकानासमोर उभी करायची. पाटील, पटवारी, मास्तर, तंबाखूचे व्यापारी येऊन तिच्या हँडलवर हात फिरवायचे आणि तसलीच सायकल मागायचे. माणसाचं नाव आठ दिवसांत लोक विसरत. सायकलचं नाव मात्र वर्षभर चालायचं. आता माझा नातू टीव्हीवर परदेशातल्या शर्यती लावतो. कुणाच्या छातीवर, कुणाच्या पाठीवर नावंच नावं. आजी, ह्या कंपन्या, त्यांना पगार देतात, असं तो मला समजावून सांगतो. मी ऐकून घेते. दत्तूदादाच्या सदऱ्याच्या पाठीवर दुकानाचं नाव मायनं लाल दोऱ्यानं भरलं होतं, आणि ते धुताना माझ्या हाताला किती वेळा टोचलं होतं.

शेटांकडं दोन कंपन्यांच्या सायकली होत्या, एक हिरवी आणि एक काळी. दोन पोरं हिरवीवर बसायची, दोन काळीवर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेट आमच्या चुलीजवळ पाट घेऊन बसायचे. उंच, सडपातळ माणूस. तरुणपणी ते स्वतः शर्यती खेळलेले होते आणि गुडघ्यावर त्याची खूण होती. एका वर्षी ते असेच येऊन बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "दत्तू, यंदा काळी पुढं येऊ दे."

दादा हिरवीवर होता. तो वरण ओरपत राहिला. शेट गेल्यावर मी विचारलं, "म्हणजे तू दुसरा येणार?"

"व्हय."

"काहून?"

"काळ्या सायकली लई पडून राहिल्या."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर त्यानं पायडल ढिलं सोडलं. मी गर्दीतून पाहिलं. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्या रात्री तो नेहमीएवढंच जेवला. माय त्याच्या ताटात तूप वाढत होती, आणि ते जास्त का वाढतेय हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मग लढाई आली. आमच्याकडं ती तोफांनी नाही, खोक्यांनी आली, म्हणजे खोकी यायची बंद झाली. आधी नव्या सायकली थांबल्या, मग चेन, मग टायर. टायरला परवाना लागायला लागला आणि परवाना ज्याची ओळख त्याला. विकायला सायकलच नाही तर शर्यत कुणासाठी भरवायची? एक दसरा शर्यतीविना गेला. चौघांतला एक फौजेत गेला. एक पुसेगावला आपल्या शेतावर परतला. तिसऱ्यानं नांदेडला टांगा धरला. जाताना प्रत्येकानं मायच्या पायावर डोकं ठेवलं. दत्तूदादाला जायला जागा नव्हती. तो आणि युसूफचाचा दिवसभर जुन्या टायरमध्ये चिंध्या कोंबून ते शिवत बसायचे. लोक असल्या चिंध्यांच्या चाकांवर बाजाराला यायचे आणि आठवड्यानं पुन्हा शिवायला आणायचे.

घरातलं दूध आधी गेलं, मग तूप, मग तेल. दुकानातून येणारं ज्वारीचं पोतं अर्धं झालं आणि पुढं पायलीवर आलं. माय कण्या शिजवायची, त्यात अंबाडी टाकायची आणि "मी जेवले" असं सांगायची. माणसाला सवय होते म्हणतात. त्या घराला कधी झाली नाही, कारण भिंतीवरच्या खुंट्यांना अजून चौघांचे सदरे होते आणि मोठं टोपलं कोपऱ्यात उपडं पडलेलं होतं. एक दिवस शेट उंबऱ्यापर्यंत आले. आत आले नाहीत. म्हणाले, "बाई, तंबाखूवाले या खोल्या मागून राहिलेत, माल ठेवायला. मी अजून हो म्हटलेलं नाही."

माय म्हणाली, "आमी कुठं जावं शेट?"

"तेच तर. काहीतरी करावं लागेल."

ते काहीतरी नांदेडच्या एका तंबूवाल्याच्या रूपानं आलं. गोल टोपी, तोंडात पान, बोलणं गोड. जत्रांतून मरणाचा गोळा, म्हणजे जाळीच्या गोळ्यात फिरणारी फटफटी, जादूचे खेळ असलं काहीबाही दाखवणारा माणूस. त्याचं म्हणणं असं की शर्यत बघायला लोक रस्त्याच्या कडेला फुकट उभे राहतात. त्यापेक्षा सायकलवाल्याला कनातीच्या आत घ्यावं. एक माणूस, एक सायकल, गोल रिंगण. दिवसरात्र फिरायचं, पाय खाली टेकवायचा नाही, खाणंपिणं, तोंड धुणं सगळं सीटवर. बघायला तिकीट. कनात त्याची, सायकल आणि माणूस शेटांचा, गल्ला अर्धा अर्धा. एकच अट होती. बाजाराच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत सायकल फिरती राहिली पाहिजे. आधी थांबली तर सगळा गल्ला तंबूवाल्याचा. बाजाराच्या दिवशी खेड्याखेड्यांतून लोक येणार, खरी कमाई त्याच दिवसाची, म्हणून ही अट. जाहिरातीचे कागद छापून आले. त्यावर मोठ्या अक्षरात होतं: सायकल थांबणार नाही.

दादानं कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "माय, खोल्या राहतील."

जिनिंगच्या बंद आवारात कनात लागली. मधे बांबूचा खांब, त्यावर बत्ती, भोवती दोरीचं कुंपण. पहिले दोन दिवस मौजेचे होते. दादा हात सोडून सायकल चालवायचा, हँडलवर पाय ठेवायचा, चालत्या सायकलवर दाढी करायचा. पोरंसोरं टाळ्या वाजवायची. त्याला खायला द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी तेव्हा नऊवारी नेसायला लागले होते. मायकडं दिलं असतं, पण ती रिंगणात शिरली की रडायची आणि लोकांची मजा जायची, म्हणून तंबूवाल्यानं तिला दोरीबाहेर बसवलं. मी वाटी घेऊन सायकलच्या बाजूनं पळायची. तो एका हातानं वाटी घ्यायचा, पुढच्या फेरीला रिकामी परत द्यायचा. खारकांचं दूध शेटांनी कुठून तरी पैदा केलं होतं. कितीतरी महिन्यांनी मला तो वास आला आणि पळता पळता माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं.

तिसऱ्या दिवसानंतर तो खेळ करेनासा झाला. मग बोलेनासा झाला. त्याच्या हाताची बोटं सुजली आणि वाटी त्याच्या हातातून निसटायला लागली. मी चमच्यानं भरवू लागले, पळत पळत. अर्धं दूध त्याच्या गळ्यावरून खाली जायचं. एकदा मला म्हणाला, "बापाला सांग, बैल बाजूला घे, मला जायला जागा न्हाई." आमच्या घरी बैल कधी नव्हते. मी युसूफचाचांकडं पाहिलं. ते सायकलला तेल घालायला म्हणून बाजूनं चालत होते, त्यांनी ऐकलं होतं. ते तडक शेटांकडं गेले.

"शेट, अब बस करा. पोरगं हातचं जाईल."

शेट खुर्चीवर बसले होते. त्यांचेही डोळे लाल झालेले, तेही घरी गेले नव्हते. म्हणाले, "उद्या बाजार आहे, युसूफ. उद्याचा दिवस निघू दे."

"उद्यापर्यंत राहिला पाहिजे ना."

"मी काय करू? मी आता थांबवलं तर सगळा गल्ला तंबूवाल्याचा. मग दुकान जातं, खोल्याही जातात. दत्तूला विचारा. तो म्हणाला तर मी आत्ता थांबवतो."

माय दोरीखालून आत शिरली. कुणी अडवलं नाही. ती सायकलबरोबर चालू लागली, पळणं तिला जमत नव्हतं, आणि दादानंही वेग कमी केला. मी मागून ऐकत होते.

"दत्तू, उतर बाबा. आपण हट्ट्याला मावशीकडं जाऊ. तिथं निंदायला जाऊ. उतर."

"मायबाई, हात लावू नको."

"उतर म्हणते ना."

"हात लावला तर पडेन. मग समदं गेलं." मग फार हळू म्हणाला, "उद्या सांजेला उतरतो. खोली झाडून ठेव."

बाजाराचा दिवस उजाडला. बैलगाड्या जिनिंगच्या फाटकापर्यंत लागल्या. औंढ्याचे, पुसेगावचे, हट्ट्याचे लोक, बायकासुद्धा. तंबूवाल्यानं दोरीच्या जवळचं तिकीट वेगळं केलं. दुपारचं ऊन कनातीतून गाळून खाली पडत होतं आणि धुळीनं काही दिसेना. दादा मान छातीवर टाकून फिरत होता. सायकल जमिनीवर रेघ ओढावी तशी त्याच्या फेऱ्यांच्या खाचेतून आपोआप चालली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन वळले आणि मागं आवाज झाला. फार मोठा नाही. ओलं पोतं टाकल्यासारखा.

तो कुशीवर पडला होता. एक पाय चौकटीत अडकलेला आणि पुढचं चाक फिरत होतं. त्याचे पायही फिरत होते. खाली पडून, डोळे मिटलेले, आणि गुडघे वरखाली होतच होते. मी आयुष्यात पुष्कळ मरणं पाहिली, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही. युसूफचाचांनी धावत येऊन त्याचा पाय सोडवला. तेवढ्यात लोकांचा गलका सुरू झाला. पैसे वापस द्या. ज्यांनी आत्ताच तिकीट काढलं होतं ते दोरी ओलांडून आत आले. एकानं दादाच्या तोंडावर माझ्याच तांब्यातलं पाणी ओतलं. दुसरा त्याचा दंड धरून ओढायला लागला. "उठ की. नाटक करून राहिला." चाचा त्याला ढकलत होते, पण माणसं वाढत होती. कुणीतरी बांबू हलवायला लागलं. माय दादाच्या अंगावर पालथी पडली होती. शेट खुर्चीजवळ उभे होते आणि त्यांना हलता येत नव्हतं.

मला त्या वेळी गल्ल्याची आठवण नव्हती, खोल्यांची नव्हती. एवढंच वाटत होतं की ह्या लोकांनी त्याच्यावरची नजर काढावी. बाकी काही नाही. मी सायकल उचलली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, आणि नळीवरून पाय टाकून बसले. सीट उंच होती, अंगठे जेमतेम पोचत होते. पहिल्या वळणाला तोल गेला, पण पडले नाही. दुसऱ्या फेरीला लोक मागं सरकले, कारण मी त्यांच्या अंगावरच चालले होते. कुणी हसलं, कुणी घाण बोललं. एक म्हातारा म्हणाला, "आरं, पोरगी हाय." मग हळूहळू गलका बसला. बांबू हलवणारा हात खाली आला. मी मान वळवून पाहिलं तेव्हा चाचांनी दादाला खांद्यावर टाकलं होतं आणि कनातीचा पडदा उचलून माय त्यांच्या मागं जात होती.

तंबूवाला हुशार, पैसे परत द्यायची पाळी त्याला नको होती. तो लगेच ओरडला, कागदावर काय लिहिलं आहे? सायकल थांबणार नाही. थांबली का? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ऊन उतरेपर्यंत फिरत राहिले. किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही. तो जिवंत आहे का, हे प्रत्येक फेरीला फाटकाकडं तोंड आलं की मी शोधत होते. तिकडून कुणी येत नव्हतं. सूर्य गेला तेव्हा शेटांनी स्वतः येऊन हँडल धरलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी सायकल त्यांच्या अंगावर सोडून पळत सुटले.

दादा जगला. सरकारी दवाखान्यातून त्याला आठवड्यानं बैलगाडीतून घरी आणलं. त्याच्या हातांची बोटं मात्र वळायची राहिली. हाताच्या नसा दबून मेल्या असं डॉक्टर म्हणाले. त्याला भाकरी मोडता येईना, गुंडी लावता येईना. मी भरवायची तेव्हा तो भिंतीकडं पाहत चावायचा. अर्धा गल्ला शेटांना मिळाला, खोल्या राहिल्या. पण हट्ट्याच्या ज्या घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, त्या घरची माणसं त्या दिवशी बाजारात होती. त्यांचा निरोप मावशीच्या हाती आला, आणि मावशी तो सांगताना चुलीकडंच बघत राहिली. माय मला काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बाहेर पाण्याला गेलं की बायका कळशी बाजूला घ्यायच्या. घरी आलं की दादा भिंतीकडं तोंड करून.

पंधरवडा गेला असेल. शेट आले, आणि या वेळी आत येऊन पाटावर बसले. जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिले.

"बाई, तंबूवाला आला होता. वसमतच्या जत्रेला कनात लावतो म्हणतो. पुढं औंढ्याला." मग माझ्याकडं न बघता, "तो म्हणतो पुरुषाला बघायला लोक एकदा येतात. पोरीला बघायला दोनदा येतील."

मायनं भाकरी थापायचं थांबवलं. "एक लेकरू पुरलं न्हाई व्हय शेट?"

"दिवसरात्र नाही. मी तसं करू देणार नाही. सकाळ ते सांज."

"तुमी दत्तूच्या वेळंला बी आत्ता थांबवतो म्हणला व्हता."

शेटांनी मान खाली घातली. त्यांच्याबद्दल मी पुढं खूप विचार केला. ते वाईट माणूस होते असं मला म्हणता येत नाही. त्यांच्याही दुकानात खिळ्याला फक्त पंप लटकत होता. शर्यतीवाल्यांच्या पायांवर त्यांनी दुकान उभं केलं होतं. पाय बदलले की दुकान चालतं, एवढंच त्यांना येत होतं.

त्या दिवशी माय नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं कण्यांत इतकं पाणी घातलं की दादाला भरवताना चमच्यात काही राहीनाच. त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. मी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "मी जाते." माय म्हणाली, "गेलीस तर मी तिथं पाय ठेवणार न्हाई." मी म्हटलं, "नको ठेवूस. पण मी जाते. युसूफचाचा संगं असतील." ती उठून बाहेर गेली आणि अंगणात उगीच झाडत राहिली.

निघायच्या सकाळी मी दादाच्या बाजेजवळ बसून बोचकं बांधत होते. पडल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. मला वाटत होतं की त्याच्या जागी मी बसले, ह्याचा त्याला राग आहे. तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "जमिनीकडं बघू नको. चक्कर येते. बसलेल्यांच्या डोक्यावरून बघ." मी थांबले. "सकाळी पाणी कमी पी. हात बदलत राहा, एका जागी धरून ठेवू नको. माझं तेच झालं." मग म्हणाला, "आणि कुणीबी सांगितलं एक दिवस अजून, तरी उतर. मी म्हणलं तरी उतर."

पुढचं इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. मी दोन हिवाळे जत्रांतून फिरले. मग संस्थानात गडबड माजली, जत्रा बंद पडल्या, लोक संध्याकाळी दारं लावून घ्यायला लागले, आणि तंबूवाला एक दिवस कनात गुंडाळून गेला तो आलाच नाही. शेटांनी दुकान विकलं. युसूफचाचा परभणीला मुलाकडं गेले आणि तिथंच वारले. माझं लग्न उशिरा झालं, एका शाळेच्या शिपायाशी. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही आणि मी झाकलंही नाही. दादा शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिला. माझ्या पोरांनी त्याला भरवलं. पण ह्या सगळ्यापेक्षा मला वसमतचा तो पहिला दिवस जास्त स्पष्ट आठवतो.

तंबूवाल्यानं माझं नाव बदललं होतं. मिस मोहिनी, मुंबईवाली. गावच्या पोरीला बघायला कोण येणार, असं त्याचं म्हणणं. शेटांनाही ते पटलं. नाव झाकलेलं बरं, उद्या लग्नाला अडचण नको, असं ते म्हणाले, आणि मलाही ते बरंच वाटलं. तंबूवाला झगा घालायला सांगत होता, तेवढा मी घातला नाही, नऊवारीच नेसले. सकाळी लोक जमायला लागले. भोंग्यातून तो ओरडत होता, मुंबईवाली, मुंबईवाली. मी फिरत होते. दादानं सांगितल्याप्रमाणं लोकांच्या डोक्यांवरून बघत होते. तोंडाला कोरड पडली होती. प्रत्येक फेरीला वाटायचं, आता पडेन आणि ही माणसं आत येतील, आणि चाचा असले तरी माझ्या अंगावर पालथं पडायला इथं कुणी नाही.

दुपारच्या सुमारास डोक्यांच्या रांगेत मला एक हिरवं लुगडं दिसलं. माय. हिंगोलीहून कुणाच्या तरी गाडीत बसून आली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला तांब्या. ती दोरीला लागून बसली होती, बायकांच्या घोळक्यात, आणि माझ्याकडं एकटक बघत होती. पुढच्या फेरीला मी तिच्याजवळून गेले तेव्हा शेजारची बाई तिला विचारत होती, "मुंबईची म्हणत्यात. आयबाप कसे सोडत असतील वो असल्या पोरीला?"

मला उत्तर ऐकू आलं नाही, सायकल पुढं गेली. पूर्ण फेरी मी कशी काढली ते सांगता येणार नाही. परत तिथं आले तेव्हा माय उभी राहिली होती. तिच्या भोवतीच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. भोंगा थांबला होता, तंबूवाला हातानं तिला बसायला खुणावत होता. ती बसत नव्हती.

"मुंबईची न्हाई," ती म्हणत होती. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "हिंगोलीची हाय. शेवंता नाव हाय तिचं. माही लेक हाय."

मग ती दोरीखालून आत आली, फडकं सोडलं, आणि तांब्या घेऊन माझ्या सायकलच्या बाजूनं चालायला लागली.